पुडीत जपलेला करपा

बटाट्याचं एक पान. वाळून तपकिरी झालेलं, कडांना चुरा होत आलेलं, कागदावर चिकटवलेलं. शेजारी शाईनं लिहिलेलं साल, अठराशे चाळीसच्या दशकातलं. पानावर काळपट डाग आहेत, आणि त्या डागांसाठीच कुणीतरी ते खुडलं, दाबून सुकवलं आणि ठेवून दिलं. लंडनच्या क्यू उद्यानातल्या संग्रहात अशी पानं आहेत, म्युनिकच्या संग्रहातही आहेत. १८४५ पासून युरोपातल्या बटाट्याच्या शेतांवर जो करपा पडला, त्या साथीतून उरलेली ही पानं. त्या साथीनं आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि भुकेमागून आलेल्या तापांनी मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. ज्यानं हे केलं तो जीव अजून त्या वाळक्या पानांत आहे. मेलेला आहे, पण ओळखता येईल इतका शाबूत आहे.

ही पानं जपणाऱ्यांमध्ये माइल्स जोसेफ बर्कली हे नाव सगळ्यांत आधी घ्यायला हवं. हा नॉर्थँप्टनशर भागातल्या खेड्यातला पाद्री. चर्चचं काम सांभाळून उरलेला वेळ तो सूक्ष्मदर्शकापुढे घालवायचा. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये रोग दिसला, मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, आणि सप्टेंबरात आयर्लंडमध्ये. बघता बघता हिरवीगार शेतं काळी पडत होती, जमिनीतले बटाटे सडून दुर्गंधी सुटत होती. कारणाबद्दल मात्र एकमत नव्हतं. जॉन लिंडली या त्या काळच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, सततच्या पावसानं झाडात पाणी साठलं, त्यानं ती कुजली आणि कुजल्यावर बुरशी आली. बर्कलीनं पानाची खालची बाजू भिंगाखाली धरली. डागाच्या कडेला, जिथे पान अजून हिरवं होतं तिथे, त्याला पांढरी लव दिसली. पानाच्या श्वासरंध्रांतून बाहेर आलेले फाटेदार धागे आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बारीक पिशव्या. कुजण्याच्या आधीच बुरशी हजर होती. १८४६ साली त्यानं लिहिलं की बुरशी हेच रोगाचं कारण आहे. रोग जंतूंमुळे होतात हे पाश्चरनं जगाला पटवायला अजून पुष्कळ वर्षं होती, त्यामुळे बर्कलीचं म्हणणं बहुतेकांनी मानलं नाही. १८६० च्या दशकात जर्मनीत आंतोन दे बारीनं प्रयोग करून ते सिद्ध केलं, आणि १८७६ साली त्या जीवाला आजचं नाव दिलं, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आजच्या वर्गीकरणात हा जीव खरं तर बुरशीही नाही. त्याचा गोतावळा तपकिरी शैवालांचा. पण तो वागतो बुरशीसारखा, अभ्यासही बुरशीवाल्यांनीच केला, म्हणून त्याची पानं बुरशीच्या संग्रहात राहिली.

बर्कलीनं आयुष्यभर जमवलेला दहा हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह १८७९ साली क्यूला दिला आणि दहा वर्षांनी तो वारला. तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता.

आता २०१३ मध्ये या. त्या साथीतला करपा नेमका कोणत्या वाणाचा होता, हा प्रश्न बरीच वर्षं पडून होता. विसाव्या शतकात जगभर पसरलेला एक वाण शास्त्रज्ञांच्या ओळखीचा होता, त्याला यूएस-१ म्हणतात. १८४५ चा गुन्हेगार तोच असणार, असं पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. २००१ मध्ये संशोधक जीन रिस्तायनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पानांतून डीएनएचे तुकडे काढून त्यावर पहिली शंका घेतली. मग २०१३ मध्ये दोन गटांनी जुन्या पानांतला रोगकारकाचा जवळजवळ सगळा जनुकसंच वाचून काढला. त्यांतल्या एका गटानं क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांतली ११ पानं घेतली होती, १८४५ ते १८९६ या काळातली.

वाळक्या पानातला डीएनए अखंड राहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, बहुतेक शंभर अक्षरांहूनही लहान, आणि तुकड्यांच्या टोकांना ठरावीक प्रकारची झीज होते. गंमत अशी की ही झीजच कामाला येते. हा डीएनए खरोखर जुना आहे, प्रयोगशाळेत कुणाच्या हातून नंतर मिसळलेला नाही, याची खूण तीच. तुकडे जुळवून पाहिल्यावर उत्तर आलं, यूएस-१ नव्हे. त्याच्या जवळच्या नात्यातला, पण वेगळा वाण होता. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं हर्ब-१, कारण तो सापडला तो फक्त हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात. निदान पन्नास वर्षं त्यानं युरोपातले बटाटे नासवले. पुढे रोगाला दाद न देणाऱ्या बटाट्याच्या नव्या जाती आल्या आणि बहुधा त्यामुळेच तो मागे पडला. ज्यानं लाखो माणसांचं अन्न हिरावलं तो वाण आपल्याला ठाऊक आहे तो कागदावर चिकटवलेल्या थोड्या पानांमुळे. ती पानं फेकून दिली असती तर हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटते. पान ठेवणाऱ्याला, ते कोणत्या प्रश्नासाठी ठेवतोय, हे ठाऊक नव्हतं. बर्कलीला एवढंच दाखवायचं होतं की डागावर बुरशी आहे. त्याच्या पानानं जवळजवळ एकशे सत्तर वर्षांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, असा प्रश्न जो बर्कलीला सुचणंच शक्य नव्हतं.

आज क्यूच्या बुरशीसंग्रहात साडेबारा लाखांच्या आसपास नमुने आहेत, जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी तो एक. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल इथे सरकारी संग्रह आहे, त्यातही सुमारे दहा लाख. काचेच्या कपाटात रंगीबेरंगी छत्र्या मांडलेल्या असतील अशी कल्पना करून कुणी तिथे गेलं तर निराश होईल. दिसतात त्या खोक्यांच्या रांगा, खोक्यांत कागदाच्या घडी घातलेल्या पुड्या, आणि पुडीत आमसुलासारखं सुरकुतलेलं काहीतरी. जंगलात लालभडक दिसणारं अळंबं वाळल्यावर मळकट तपकिरी होतं. वास जातो, चिकटपणा जातो, आकार आक्रसतो.

म्हणून खरं काम पुडी बंद होण्याआधीचं. अळंबं म्हणजे बुरशीचं फक्त फळ. तिचा खरा देह म्हणजे माती-लाकडात पसरलेले धागे, ते दिसतही नाहीत. आणि हे फळ पावसाळ्यात एखाद-दोन दिवस टिकतं, मग अळ्या पडतात किंवा ते काळं पाणी होऊन वितळतं. तेवढ्या वेळात सगळं टिपून घ्यायचं. टोपीचा रंग, कापल्यावर तो बदलतो का, चीक निघतो का, वास कसला, शेजारी झाड कोणतं, जमिनीवर उगवलं की ओंडक्यावर की शेणावर. एक टोपी देठापासून कापून कागदावर पालथी घालायची आणि वर वाटी झाकून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी वाटी काढली की कागदावर बीजाणूंच्या भुकटीनं पाकळ्यांसारख्या रेषा उमटलेल्या असतात. कुणाच्या पांढऱ्या, कुणाच्या गुलाबी, कुणाच्या गंजाच्या रंगाच्या, कुणाच्या काळ्या. हा रंग ओळखीसाठी फार मोलाचा आणि तो ताज्या अळंब्याकडूनच मिळतो. मग चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट हवेत नमुना हळूहळू सुकवायचा. जास्त तापवला तर आतला डीएनए बिघडतो. सुकला की काही दिवस शीतकपाटात गोठवून ठेवायचा, कारण धान्याला आणि मसाल्याला लागणारे बारीक भुंगेरे वाळकी अळंबी मोठ्या आवडीनं खातात. पूर्वी यासाठी पाऱ्याचे विषारी क्षार लावत, त्यामुळे जुने नमुने आजही हातमोजे घालून हाताळावे लागतात.

एवढी सुकलेली, आक्रसलेली वस्तू पुन्हा बोलती करता येते, हे पाहण्यासारखं आहे. रसुला नावाची अळंबी घ्या, टोपीखाली पट्ट्यापट्ट्यांचे कल्ले असलेली. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या एका कल्ल्याचा, ब्लेडनं काढलेला, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा कपटा पुरतो. काचपट्टीवर तो ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला की चुरगळलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि आपापल्या आकारात परत येतात. दुसऱ्या कपट्यावर आयोडीन असलेला मेल्झरचा द्रव टाकतात. आता सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. एक मिलिमीटरात शंभरेक ओळीनं बसतील एवढाले गोलसर बीजाणू, आणि प्रत्येकाच्या अंगावर निळ्या-काळ्या काट्यांची, कड्यांची नक्षी उमटलेली. आधी जे काहीच दिसत नव्हतं ते आयोडीननं रंगून वर येतं. कुठल्या जातीचे काटे सुटे, कुठल्या जातीत ते जाळीनं जोडलेले. शंभर वर्षांत ती नक्षी जरासुद्धा पुसट झालेली नसते.

नमुने जपण्यामागे आणखी एक कडक नियम आहे. बुरशीच्या नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना दाखवून द्यावा लागतो. हा त्या नावाचा मूळ नमुना. पुढे कुणी म्हणालं की, ही जात म्हणजे तीच का, तर वाद वर्णनावर मिटत नाही, मूळ नमुन्याची पुडी उघडावी लागते. उदाहरणार्थ, श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटी दिसू लागली तेव्हा पेरादेनियाच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख थ्वेट्स यानं ती पानं इंग्लंडला पाठवली. बर्कलीनंच १८६९ मध्ये त्या तांबेऱ्याला हेमिलिया व्हास्टाट्रिक्स हे नाव दिलं. पुढच्या वीसेक वर्षांत सिलोनमधली कॉफी उद्ध्वस्त झाली आणि मळेवाल्यांनी तिथे चहा लावला. डार्विननं बीगल जहाजाच्या प्रवासात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला झाडांवर उगवलेली पिवळी, खळग्या-खळग्यांची गोल बुरशी पाहिली. तिथले रहिवासी ती खात. त्यानं आणलेल्या नमुन्यावरून बर्कलीनं तिचं नाव डार्विनवरून ठेवलं, सिटारिया डार्विनी.

पुडीवरच्या चिठ्ठीचीही किंमत नमुन्याइतकीच. नॉर्वेतल्या संशोधकांनी संग्रहालयांतल्या अळंब्यांच्या सुमारे ३४,५०० नोंदी तपासल्या, १९४० ते २००६ या काळातल्या. त्यांना हवं होतं ते फक्त तारीख आणि ठिकाण. १९८० नंतर तिथली अळंबी सरासरीनं जवळजवळ १३ दिवस उशिरा उगवू लागली आहेत, हे त्यातून निघालं. पाऊस आणि ऊन बदलल्याचा हिशेब त्या चिठ्ठ्यांत साठत होता आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या कुणालाही त्याची कल्पना नव्हती. कॅलिफोर्नियात डेथ कॅप नावाचं अतिविषारी अळंबं आज सर्रास उगवतं. ते तिथलंच की बाहेरून आलेलं, याचा निकालही जुन्या पुड्यांनी लावला. ॲन प्रिंगल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या काळात डेथ कॅप म्हणून ठेवलेले नमुने दुसऱ्याच जातींचे होते. खरा पहिला नमुना १९३८ चा, मॉंटेरी इथल्या एका हॉटेलच्या आवारातला. म्हणजे हे अळंबं युरोपातून, बहुधा झाडांच्या मुळांबरोबर, आलं आणि मग पसरलं.

आणि एक उदाहरण तर अणुबॉम्बचं. १९५०-६० च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर वर्षागणिक उतरत गेला. त्यामुळे कोणत्या वर्षी हवेत तो किती होता, हे माहीत आहे. काही अळंबी झाडाच्या मुळांशी सोयरीक करून त्याच्याकडून ताजी साखर घेतात, काही कुजक्या लाकडावर जगतात. पहिल्या प्रकारच्या अंगात त्या वर्षीचा कार्बन असणार, दुसऱ्याच्या अंगात जुन्या लाकडातला. अमेरिकेत ओरेगनच्या संग्रहातल्या नमुन्यांचा कार्बन मोजून एरिक हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतं अळंबं कशावर जगतं, याचा छडा लावला. अळंबं खुडणाऱ्यानं तारीख लिहिली नसती तर या मोजमापाला अर्थच उरला नसता.

आपल्याकडे या कामाची सुरुवात १९०५ ची. बिहारमधल्या पुसा इथे शेतीसंशोधन संस्था निघाली, तिथे एडविन बटलर यांनी भारतातल्या बुरशींचा संग्रह उभारला. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत कोसळली, संस्था दिल्लीला हलली आणि संग्रहही दिल्लीला आला. आज तो भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आहे, पन्नास हजारांच्या घरात नमुने आहेत, आणि देशातल्या पिकांवरचे तांबेरे, काणी, करपे समजून घ्यायला संशोधक तिथेच येतात. महाराष्ट्रातला मोठा संग्रह पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव संस्थेला आहे, तर संग्रहाला नाव आहे बुरशीशास्त्रज्ञ श्रीपाद लक्ष्मण आजरेकर यांचं: आजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम. त्याच संस्थेत जिवंत बुरशींचाही राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे बुरशी नळीत वाढती ठेवतात किंवा गोठवून झोपवून ठेवतात.

आजरेकरांचं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या ज्वारीवरचं आहे. ज्वारी फुलोऱ्यात असताना हवा थंड आणि दमट राहिली की कणसातून मधासारखे चिकट थेंब गळू लागतात. पानांवर पडतात, जमिनीवर पडतात, हाताला लागले की सुटत नाहीत. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. दाणा भरण्याऐवजी फुलातल्या बीजकोशात बुरशी वाढलेली असते आणि थेंबातले बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी आणि किड्यांच्या पायांनी दुसऱ्या फुलांवर जातात. फुलाला परागकण लवकर मिळाले तर ते वाचतं, म्हणून संकरित बियाण्याच्या शेतात, जिथे मादी ओळीला स्वतःचे पराग नसतात, तिथे चिकटा जास्त नुकसान करतो. या रोगावर आजरेकरांनी १९२६ साली निबंध प्रसिद्ध केला. बुरशीची दुसरी, लैंगिक पुनरुत्पादनाची पूर्ण अवस्था मात्र १९७६ साली धारवाडच्या संशोधकांनी वर्णन केली आणि तिचं नाव क्लॅव्हिसेप्स सोर्गी ठेवलं. पुढे १९९१ मध्ये आफ्रिकेतून दुसरी जात वर्णन झाली, क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना. काही वर्षांत ती ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असं पसरली आणि भारतातही सापडली. ती भारतात नवी आली, की पहिल्यापासून होतीच आणि कुणी वेगळी ओळखली नव्हती? या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आजची कणसं देणार नाहीत. ते फक्त जुन्या वाळक्या कणसांतून मिळेल, आणि अशी कणसं जपून ठेवलेल्या पुड्यांतच असतील. आयरिश बटाट्याची गोष्ट आपल्या ज्वारीलाही लागू पडते ती अशी.

बुरशीच्या आतापर्यंत नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. एकूण किती असाव्यात, याचा अंदाज पंचवीस लाखांच्या घरात जातो. म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक जातींना अजून नाव नाही. २०१४ मध्ये ब्रिन डेंटिंगर आणि लॉरा सूझ या क्यूच्या संशोधकांनी लंडनमधल्या दुकानातून वाळवलेल्या अळंब्यांचं एक पाकीट विकत घेतलं. त्यातल्या तुकड्यांचा डीएनए वाचला आणि विज्ञानाला नाव माहीत नसलेल्या तीन जाती त्या एका पाकिटात निघाल्या. अळंबी चीनमधून आलेली होती. लोक ती आवडीनं शिजवून खात होते. आता क्यूमध्ये संग्रहातल्या मूळ नमुन्यांचा डीएनए वाचण्याचं मोठं काम चालू आहे. त्याचा एक फायदा असा की मातीत सापडलेला निनावी डीएनए खऱ्या नावाशी जोडता येईल.

आता एक विनंती. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणारे, कोकणात, गोव्यात, मेळघाटात जाणारे अनेक जण अळंब्यांचे सुंदर फोटो काढतात. फोटोवरून बऱ्याचदा जात ठरत नाही, बीजाणू पाहावे लागतात. खाजगी जागेत किंवा परवानगी असलेल्या ठिकाणी अळंबं दिसलं तर एक-दोन खुडा, कोमट हवेत सुकवा, कागदाच्या पुडीत ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या. ओळख पटेपर्यंत कुठलंही अळंबं तोंडात घालू नका. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नका. आणि पुडीवर तारीख, गाव, शेजारचं झाड आणि तुमचं नाव लिहायला विसरू नका. पेन्सिलीनं लिहा, ओलीनं शाई पसरते.